मांगरातले टायगर मॉथ : उत्तर रत्नागिरीतील एका युद्धकालीन विमानाच्या पुनर्बांधणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खाडीकाठच्या एका गावी, आंब्याच्या बागेतील मांगरात, म्हणजे कोठारवजा कौलारू घरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले एक टायगर मॉथ विमान सुमारे साठ वर्षे पडून होते. गाव, कुटुंब आणि या कामात गुंतलेली माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील येथे वगळले आहेत. तांत्रिक बाबी मात्र कामाच्या नोंदवहीत आहेत तशाच घेतल्या आहेत. ती नोंदवही ठेवण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते.

कुटुंबातील आजोबा मुंबईला जुहूच्या विमानतळावर मेकॅनिक होते. 1928 मध्ये सुरू झालेल्या या विमानतळावर फ्लाइंग क्लबची विमाने युद्धापूर्वीपासून होती, आणि युद्ध संपल्यावर हवाई दलाला नको झालेली टायगर मॉथ विमाने देशभरातील अशा क्लबांकडे आली. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुष्पकसारखी भारतात बांधलेली विमाने येऊ लागली, तशी ही जुनी विमाने एकेक करून मोडीत निघाली. त्या मोडीतले एक आजोबांनी विकत घेतले, पंख सोडवून गलबतात घातले आणि भरतीच्या पाण्यावर खाडीतून गावच्या धक्क्याला आणले. ते का घेतले याचे उत्तर घरातला प्रत्येक जण वेगळे देतो. ते पुन्हा उडवायचा त्यांचा विचार होता, असे थोरल्या काकांचे ठाम मत आहे. आजी मात्र शेवटपर्यंत त्याला मुंबईहून आणलेली अडगळच म्हणत असत.

आजोबा हयात असेपर्यंत दर खंडेनवमीला विमानाची पूजा होई आणि पूजेनंतर ते सिलिंडरमध्ये तेल सोडून प्रोपेलर हाताने फिरवीत. त्यांच्या पश्चात पूजा चालू राहिली, प्रोपेलर फिरवणे थांबले. इंजिनाच्या दृष्टीने या दोहोंपैकी कोणती गोष्ट महत्त्वाची होती हे पुढे कळले.

टायगर मॉथचे पहिले उड्डाण 26 ऑक्टोबर 1931 रोजी झाले. दोन बैठकांचे, दुहेरी पंखांचे, 130 अश्वशक्तीच्या जिप्सी मेजर इंजिनावर चालणारे हे प्राथमिक प्रशिक्षणाचे विमान आहे. त्याच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांचा सांगाडा स्प्रूस लाकडाचा आणि वरचे आवरण कापडाचे असते. युद्धकाळात, हे विमान बांधणाऱ्या डी हॅविलंड कंपनीचा इंग्लंडमधील हॅटफिल्डचा कारखाना मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांसाठी मोकळा हवा होता, म्हणून टायगर मॉथचे उत्पादन काउली येथील मॉरिस मोटर्सकडे सोपवण्यात आले. बेगमपेठ आणि जोधपूर येथील प्राथमिक उड्डाण शाळांत त्या काळच्या भारतीय वैमानिकांनी याच विमानावर पहिले धडे घेतले.

एकूण आठ हजारांहून अधिक टायगर मॉथ बांधली गेली आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत ती आजही हौसेने उडवली जातात, त्यामुळे जगाच्या हिशेबाने हे विमान दुर्मीळ नाही. भारतात मात्र उडते टायगर मॉथ म्हटले की हवाई दलाच्या व्हिंटेज, म्हणजे जुन्या विमानांच्या ताफ्यातील, 2012 च्या हवाई दल दिनी दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडालेले विमानच डोळ्यांपुढे येते, आणि त्याचीही पुनर्बांधणी ब्रिटनमध्ये झाली होती. शिवाय ते हवाई दलाचे असल्याने त्याला नागरी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राची गरज नाही. खाजगी कुटुंबाच्या मालकीच्या विमानाचा मार्ग त्याहून बराच वेगळा असतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. उत्तर रत्नागिरीलाही त्याचा तडाखा बसला, त्यात मांगराचे छप्पर उडाले आणि विमान उघड्यावर आले. विमानाचे पुढे काय करायचे हा प्रश्न कुटुंबाला टाळता येईना.

समस्या

पुढच्या वर्षी गणपतीला चाकरमानी गावी आले तेव्हा पडवीत बैठक झाली. आजोबांच्या तीन मुलांचे वारस सामायिक मालक होते. बैठकीत तीन गोष्टी ठरल्या: विमान देशाबाहेर जाऊ द्यायचे नाही, होता होईल तेवढे मूळ साहित्य टिकवायचे, आणि विमान कोकणच्या किनाऱ्यावर उडाले पाहिजे. या तीन अटी एकमेकींशी कितपत जुळतात याचा विचार त्या दिवशी कोणी केला नाही. करण्याचे कारणही नव्हते, कारण विमान आतून कसे आहे हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते.

कुटुंबाच्या ओळखीतून दोन निवृत्त विमान देखभाल अभियंते मदतीला आले. खाडीवर मच्छिमारांच्या लाकडी होड्या बांधणारे एक मेस्त्री, मुंबईच्या एक वस्तुसंवर्धक बाई आणि कुटुंबातर्फे थोरले काका व त्यांची पुतणी असा गट तयार झाला. या गटासमोरचा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्याच्या मुळाशी निवडीचा प्रश्न होता. ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून असतो तो भाग जुना म्हणून ठेवता येत नाही, आणि सगळे जुने भाग बदलले तर आजोबांचे विमान म्हणून उरते काय, हे कोणीतरी सांगावे लागते.

स्थितीची पाहणी

कापड काढल्यावर जे दिसले ते अपेक्षेपेक्षा काही ठिकाणी बरे आणि काही ठिकाणी फार वाईट होते. नळ्यांचा सांगाडा वरून शाबूत होता. पण शेपटीजवळच्या आणि पुढच्या बैठकीखालच्या खालच्या नळ्यांत वर्षानुवर्षे पाणी साचले होते, उंदरांनी घरे केली होती, आणि जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राने तेथे नळीची भिंत ठिकठिकाणी पातळ झाल्याचे दाखवले. इंधनाच्या आणि विमानाचा हवेतील वेग मोजणाऱ्या नळ्यांत कुंभारणींनी, म्हणजे कुंभारीण माश्यांनी, मातीची घरटी बांधली होती. खाऱ्या हवेने गंज चढवावा आणि कुंभारणीने तोंडे बुजवावीत, हे कोकणातल्या कोणत्याही बंद यंत्राचे नशीबच आहे.

लाकडाची अवस्था अधिक बिकट होती. युद्धकाळातील बऱ्याच लाकडी विमानांत दुधातील केसीनपासून केलेला सरस वापरला जाई. हा सरस कोरड्या हवेत दीर्घकाळ टिकतो, पण सतत ओलसर हवेत त्याला बुरशी लागते आणि सांधे सुटतात. येथे खालच्या पंखांच्या फासळ्या नुसत्या हाताने मोकळ्या होत होत्या. लाकडी विमान आणि दमट हवा यांचे नाते नवे नाही. 1944 च्या उत्तरार्धात भारतात आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडणाऱ्या मॉस्किटो विमानांच्या पंखांत दोष आढळले, तेव्हा ती विमाने तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली होती.

या नुकसानीचा मोठा भाग जुना नव्हता. छप्पर उडाल्यापासून बैठक होऊन काम सुरू होईपर्यंत विमान निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली होते. ताडपत्रीने वरचा पाऊस अडवला, पण जमिनीतून वर येणारी वाफही आत कोंडून धरली. कौलांखाली साठ वर्षे हवा खेळती होती, म्हणून वरच्या पंखांचे काही सांधे शाबूत राहिले होते. ते ताडपत्रीखालच्या काळात सुटले.

इंजिनाचे प्रोपेलर जागचे हलत नव्हते. जिप्सी मेजरचे चारही सिलिंडर खाली तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे वरचे तेल झिरपत खाली सिलिंडरच्या टोकाशी साचते. आजोबांनी सोडलेल्या तेलाने खालचे भाग चांगले राखले होते, पण सिलिंडरच्या वरच्या भागावर गंज होता. वर्षातून एकदा प्रोपेलर फिरला असता तर तेल तेथवर पोचले असते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय विमान न उडवता एखाद्या संग्रहालयासाठी जतन करण्याचा होता. संवर्धक बाईंचा कौल याकडे होता, आणि केवळ वस्तूचा विचार केला तर त्यांचे म्हणणे सर्वांत तर्कशुद्ध होते. मूळ लाकूड, मूळ सरस, मोडीत निघण्यापूर्वीचा रंग, हे सारे न उडणाऱ्या विमानातच जपता येते. पुरावस्तू आणि कला खजिना अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावस्तू ठरते, म्हणजे या विमानाला कायद्याचे ते संरक्षण अद्याप नव्हते आणि निर्णय सर्वस्वी मालकांच्या हाती होता. कुटुंबाने हा पर्याय नाकारला. काकांचे शब्द नोंदवहीत आहेत: “काचेत ठेवायचे असते तर त्यांनी गलबतातून कशाला आणले असते?”

दुसरा पर्याय विमान ब्रिटनला पाठवून तेथे दुरुस्त करून आणण्याचा होता. टायगर मॉथचे मूळ आराखडे आणि तांत्रिक सूचना आजही तेथे डक्सफर्डच्या डी हॅविलंड सपोर्ट या संस्थेकडून मिळतात, कारागीर तेथे आहेत आणि हवाई दलाचाही तोच अनुभव होता. पण कुटुंबाच्या पहिल्या अटीशी हा पर्याय विसंगत होता आणि खर्चही आवाक्याबाहेर जात होता.

तिसरा, म्हणजे सगळे काम गावातच करण्याचा पर्याय भावनेला धरून होता आणि तो सर्वांत कमी तपासला गेला. अखेर मधला मार्ग निवडण्यात आला: लाकूडकाम गावात, नळ्यांची जोडणी आणि इंजिन घाटावर या कामाची परवानगी असलेल्या कार्यशाळांत, आणि जेथे लागेल तेथे आराखडे व सुटे भाग ब्रिटनहून.

अंतिम जोडणी कोठे होईल, विमान कोठे ठेवले जाईल आणि कोठून उडेल, हे मुद्दे या चर्चेत आलेच नाहीत. कुटुंब “किनाऱ्यावर” म्हणत होते आणि अभियंते “ते पुढे पाहू” म्हणत होते.

लाकूडकाम

लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे ओलावा घेते आणि सोडते. हवेतील सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असली तर लाकडातील ओलावा साधारण 11 टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता 90 टक्के झाली तर तो 20 टक्क्यांच्या आसपास जातो. विमानाच्या लाकडात सरसाने जोडणी करताना ओलावा 8 ते 12 टक्के असावा असा दंडक आहे. म्हणजे कोकणात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघड्यावर केलेला कोणताही सांधा जन्मतःच संशयास्पद. उलट पावसाळ्यात फुगलेले लाकूड जोडले आणि विमान घाटावरच्या कोरड्या हवेत नेले, तर लाकूड आकसून सांध्यावरच ताण येतो.

यावर जो तोडगा निघाला तो फक्त कोकणातच सुचावा असा होता. गावाजवळ आंबा पिकवण्यासाठी बांधलेली, भिंतींना उष्णतारोधक अस्तर असलेली एक खोली होती. हापूसचा हंगाम सोडला तर ती रिकामी असे. टायगर मॉथचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांचे माप 8.94 मीटर असले तरी पंख मध्यभागापासून सुटे होतात, त्यामुळे एकेक पंख त्या खोलीत मावत होता. तेथे आर्द्रताशोषक यंत्र बसवले, वीज गेली तर जनरेटर ठेवला, आणि लाकूड आल्यावर ते लगेच न वापरता आठवडेच्या आठवडे त्याच हवेत मुरू दिले.

लाकडाच्या निवडीवर पहिला वाद झाला. गावातल्या बऱ्याच जणांनी सागवान सुचवले. खाडीवरच्या होड्या त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालल्या आहेत. ते का चालणार नाही हे मेस्त्रींनीच समजावून सांगितले. सागवान स्प्रूसच्या मानाने फार जड, आणि त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे सरस नीट धरत नाही. होडीत ते खिळ्या-बोल्टांनी बसते, म्हणून तेथे अडत नाही. विमानाला वजनाच्या मानाने ताकद हवी, आणि त्या हिशेबात सिटका स्प्रूसला तोड नाही. स्प्रूस बाहेरून मागवले.

सांध्याबाबत मेस्त्रींचा हात कोणत्याही विमान कारागिराच्या तोडीचा होता. दोन फळ्या टोकाला तिरक्या तासून एकमेकींवर बसवायच्या हे होडीच्या कामात नेहमीचेच असते. विमानात मात्र तो उतार 1 ला 10 ते 1 ला 12 असा लांब लागतो, कारण होडीसारखी आतून जाड पट्टी मारून सांधा आवळण्याची सोय तेथे नसते. पहिल्या काही नमुन्यांनंतर त्यांचे सांधे उजेडाकडे धरले तरी फट दिसत नसे. पण त्यांच्याकडे विमानकामाचा परवाना नव्हता, आणि परवान्याशिवाय केलेल्या कामाला कागदावर अस्तित्व नसते.

हा पहिला खरा निर्णयबिंदू होता. परवानाधारक सुतार बाहेरून आणायचा, की मेस्त्रींचे काम परवान्याच्या चौकटीत बसवायचे? दुसरा मार्ग स्वीकारला गेला आणि त्यासाठी कडक पद्धत आखली गेली. प्रत्येक सांधा जोडण्यापूर्वी अभियंता तो कोरडा बसवून पाहील. सरसाच्या प्रत्येक मिश्रणातून वेगळे नमुने तयार होतील, त्यांवर तारीख, तापमान, आर्द्रता आणि लाकडाचा ओलावा लिहिला जाईल. सरस पक्का झाल्यावर नमुने तोडले जातील. तुटताना लाकूड फाटले तर सांधा उत्तीर्ण, सरसाच्या रेषेवर सुटला तर त्या मिश्रणाचे सारे सांधे बाद. सरस म्हणून रिसॉर्सिनॉल निवडला. त्यावर पाण्याचा परिणाम होत नाही, पण सांधा घट्ट बसलेला आणि दाबात धरलेला असला तरच तो काम देतो. मेस्त्रींना नमुने तोडणे सुरुवातीला अपमानास्पद वाटले. चांगला सांधा मुद्दाम मोडायचा ही कल्पनाच त्यांच्या धंद्यात नाही. एकदा जनरेटर बंद पडलेल्या रात्रीनंतरचे नमुने सरसावर सुटले, आणि तेव्हापासून ते स्वतःच नमुन्यांची आठवण करून देऊ लागले.

लेखकाच्या मते या प्रकरणातील सर्वांत योग्य निर्णय हाच. स्थानिक कसब वापरण्याच्या गोष्टी सगळेच करतात. त्या कसबाला तपासणीयोग्य पुरावा जोडण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

एका तुळईचा वाद

पंखाचा सारा भार पुढच्या आणि मागच्या अशा दोन लांब लाकडी तुळया पेलतात. त्यांना स्पार म्हणतात. वरच्या डाव्या पंखाची पुढची तुळई मूळचीच होती, सरळ होती, तिच्यातला ओलावा योग्य होता आणि ठोकून पाहिल्यावर आवाज स्वच्छ येत होता. थोरल्या काकांना ती विशेष प्रिय होती, कारण तिच्यावर आजोबांनी पेन्सिलीने केलेली खूण होती. गटातील बहुतेकांना ती ठेवावीशी वाटत होती.

तिरप्या प्रकाशात भिंगाखाली पाहताना, पंखांमधल्या खांबाच्या बोल्टाजवळ, तंतूंना आडवी जाणारी एक अतिशय बारीक रेषा दिसली. लाकडावर कधीतरी अति दाब आला की तंतू आत मुडपतात आणि अशी चीर पडते. ती खडबडीत उतरण्याने पडली, की गलबतात चढवताना, हे सांगता येत नाही. वरून लाकूड निरोगी दिसते, पण ओढीचा ताण आला की ते तेथेच तुटते. ही चीर दुरुस्त करता येत नाही. एका अभियंत्यांनी ती चीर नसून रंध्रांची रेषा असावी अशी शंका काढली आणि चर्चा दोन दिवस चालली. शेवटी ज्येष्ठ अभियंते म्हणाले, “काका, तुमच्या मनासारखे करायला मी तयार आहे, पण या तुळईवर माझी सही होणार नाही.” त्यानंतर विषय संपला आणि तुळई बदलली गेली.

या वादातून संवर्धक बाईंनी सुचवलेली एक पद्धत मात्र कायमची रुजली. प्रत्येक भागाची नोंद तीन वर्गांत होऊ लागली: जागेवर राहून भार घेणारे मूळ भाग, जागेवर राहणारे पण भार न घेणारे मूळ भाग, आणि काढून वेगळे जतन केलेले मूळ भाग. विमान किती मूळ आहे, या प्रश्नाला त्यामुळे एका शब्दाऐवजी एका यादीने उत्तर देता येते. पेन्सिलीची खूण असलेली तुळई तिसऱ्या वर्गात, घराच्या माळ्यावर आहे.

धडाच्या तळातून आडव्या जाणाऱ्या, खालच्या पंखांच्या मुळांना एकमेकांशी बांधणाऱ्या पोलादी सळयांबाबत असा वाद झालाच नाही. डिसेंबर 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथच्या याच सळया आट्यांपाशी धातूच्या थकव्याने तुटून पंख निकामी झाला आणि आतील दोघांचा मृत्यू झाला. सळया चांगल्या दिसतात की नाही हा प्रश्नच न विचारता, नव्या, कागदपत्रांसह मागवल्या गेल्या.

धड, इंजिन आणि आवरण

पातळ झालेल्या नळ्या कापून त्या जागी नव्या जोडल्या आणि आत गरम जवसाचे तेल फिरवून तोंडे बंद केली. गंज रोखण्याचा हा जुना उपाय अजूनही चांगला आहे. इंजिनाला सर्वाधिक पैसा लागला, पण निर्णय घेण्यासारखे तेथे थोडेच होते. क्रँकशाफ्टची चुंबकीय चाचणी झाली, ती निर्दोष निघाली, सिलिंडर बदलले, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या दोन्ही मॅग्नेटोंची वेटोळी नव्याने गुंडाळली, कारण जुन्या वेटोळ्यांचे रोधक आवरण दमट हवेत निकामी झाले होते.

आवरणासाठी मूळचे लिनन वापरावे असा आग्रह काही काळ होता. पॉलिस्टर कापड अधिक टिकते आणि बुरशीला दाद देत नाही, म्हणून तेच घेतले. कापडावर चढवायचा डोप हा लेप दमट हवेत लावला तर पांढरा पडून दुबळा होतो, त्यामुळे तेही काम आंब्याच्या खोलीत, एकेक पंख घेऊन करावे लागले.

कोठून उडणार

विमान बहुतांशी तयार झाल्यावर टाळलेला प्रश्न पुढे आला. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे. सिंधुदुर्गात चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, पण तो प्रवासी विमानांसाठी बांधलेला, डांबरी धावपट्टीचा. मूळ टायगर मॉथला ब्रेक नसतात आणि शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी असते. गवताळ मैदानावर ही घसरपट्टी जमिनीत रुतून विमानाला वळवते आणि थांबवतेही. डांबरावर ती पकडच घेत नाही, आणि वारा बाजूने आला तर विमान चालकाच्या हाती राहत नाही. मूळ रूप राखायचे म्हणून गटाने मोठ्या कष्टाने घसरपट्टीच बसवली होती. कॅनडात बांधलेल्या टायगर मॉथना शेपटीचे चाक आणि ब्रेक दोन्ही होते, म्हणजे बदलाला ऐतिहासिक आधारही होता. पण तो बदल सांगाडा उघडा असताना सोपा गेला असता; आता आवरण उघडून करावा लागणार.

घाटावर गवताची धावपट्टी असलेली एक जागा उपलब्ध झाली. तेथून उडून सह्याद्री ओलांडून किनाऱ्यावर यायचे आणि परत जायचे, अशी कल्पना कुटुंबाने मांडली. अंतराची अडचण नव्हती, कारण टायगर मॉथचा पल्ला साडेचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. पण एका इंजिनाचे हे विमान सावकाश चढते, आणि घाटमाथ्याच्या पश्चिमेला कडे, दाट रान आणि अरुंद दऱ्या आहेत. तेथे इंजिन बंद पडले तर उतरायला जागा नाही. दोन्ही अभियंत्यांनी आणि सल्ल्यासाठी बोलावलेल्या निवृत्त वैमानिकांनी एकमुखाने नकार दिला. विमान एवढे धडधाकट केल्यानंतर ते उडवणाऱ्या माणसाला धोक्यात घालण्यात अर्थ नाही, हे पुतणीने घरच्यांना पटवले. थोरल्या काकांना ते अजूनही पूर्ण पटलेले नाही.

निष्पत्ती

धड, इंजिन आणि मध्यभाग घाटावर आहेत. इंजिन जमिनीवर चालवून पाहिले गेले आहे आणि त्याची कामगिरी समाधानकारक आहे. चारही पंख पूर्ण झाले आहेत. उड्डाणयोग्यतेच्या अर्जासाठी विमानाची ओळख सिद्ध करणे हे सर्वांत वेळखाऊ काम ठरले: कारखान्याची नावपट्टी अर्धवट वाचता येते, जुन्या नोंदवह्यांपैकी एकच हाती आहे, आणि सांगाड्यावरील आकडे ब्रिटनमधील नोंदींशी जुळवावे लागले. इंधनाची चिंता तुलनेने हलकी झाली आहे, कारण 2022 पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला विमानांचे 100 एलएल पेट्रोल तयार करते. विमान अद्याप उडालेले नाही.

कुटुंबाच्या तीन अटींपैकी पहिली पाळली गेली. दुसरी यादीच्या रूपाने पाळली गेली. तिसरी बहुधा पाळली जाणार नाही, निदान सगळ्यांनी कल्पिली होती तशी नाही.

वेगळे काय करता आले असते

विमान कोठे राहणार आणि कोठून उडणार हे पहिल्या बैठकीत ठरले असते तर त्यापुढील निम्मे निर्णय आपोआप सुटले असते. घसरपट्टी की चाक, ब्रेक हवेत की नकोत, लाकूड कोणत्या आर्द्रतेला मुरवायचे, जोडणी घाटाच्या कोणत्या बाजूला करायची, हे सारे त्या एका उत्तरावर अवलंबून होते. पंख कोकणातल्या कृत्रिम कोरड्या हवेत बांधून घाटावर ठेवायचे असतील तर 10 ते 11 टक्के ओलावा योग्यच आहे. तेच पंख पावसाळ्यात किनाऱ्यावर उघड्या शेडमध्ये राहिले तर दोन-तीन वर्षांत आत्ताच्या मेहनतीचे काय होईल याचा अंदाज मांगरातल्या पहिल्या पाहणीवरून येतो. “उडण्याजोगे करणे” हे एक काम म्हणून हाती घेतले गेले, पण किनाऱ्यावर “उडण्याजोगे ठेवणे” हे दरवर्षीचे काम आहे आणि त्याचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हता.

छप्पर उडाल्यावर ताडपत्रीऐवजी चारही बाजूंनी मोकळी, पत्र्याची तात्पुरती शेड उभारणे शक्य होते आणि फारसे महागही नव्हते. वरच्या पंखांचे मूळ सांधे त्यामुळे वाचले असते.

कागदपत्रांचा शोध पाहणीसोबतच सुरू व्हायला हवा होता. ज्या विमानाची ओळखच सिद्ध होत नाही ते कितीही उत्तम बांधले तरी जमिनीवरच राहते. ओळख पटणार नसती तर गटाने संग्रहालयाचा पर्याय कदाचित वेगळ्या नजरेने पाहिला असता. वारसांचा लेखी करारही उशिरा झाला. इंजिनाचा खर्च समोर आल्यावर एका शाखेने हात आखडता घेतला, आणि काही काळ काम केवळ त्यासाठी थांबले.

संवर्धक बाईंचा सुरुवातीचा सल्ला आज अधिक पटतो का, असे गटातील काहींना विचारले तेव्हा उत्तरे विभागलेली आली. मेस्त्रींचे म्हणणे असे की तो सल्ला मानला असता तर त्यांच्या हाताखालच्या दोन तरुणांना हे काम शिकायला मिळाले नसते. ज्येष्ठ अभियंत्यांना वाटते की, चीर असलेली ती तुळई संग्रहालयातही तुळई म्हणूनच राहिली असती आणि कोणाचा जीवही धोक्यात आला नसता.

मार्चअखेर आंब्याची खोली हापूससाठी मोकळी करून द्यायची आहे. त्याआधी पंख कुंभार्ली घाटाने वर नेण्याचे ठरले आहे, आणि शेपटीला चाक बसवायचे की नाही याचा निर्णय ते पोचल्यानंतरच्या बैठकीत व्हायचा आहे. घाटावरच्या शेडमध्ये आर्द्रतेची नोंद ठेवण्याचे यंत्र आधीच बसवले असून पहिल्या पावसाळ्याची नोंद पूर्ण होईपर्यंत पंख धडाला जोडायचे नाहीत, एवढ्यावर मात्र सर्वांचे एकमत आहे.